पुडीवरचा सूर्य

४ मार्च

ठिपक्या,

पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा नाही. माझं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच टाकशील अशी धास्ती वाटली, म्हणून खालच्या मजल्यावरच्या ट्यूशनवालीकडून पत्ता लिहून घेतला. ती मुलांच्या शिकवण्या घेते, एकटीच राहते. तू तुझ्या ध्यानकेंद्रावर राहायला गेल्यावर ती इथे आली. आत मात्र मीच आहे. उघडलंच आहेस तर पुरतं वाच.

तुझ्या आईने आकडीच्या गोळ्या बंद केल्या आहेत. तू सांगितलंस म्हणून. रविवारी तुझा फोन झाला आणि सोमवारी तिने सगळ्या गोळ्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या, वर भाजीची देठं टाकली, मी काढू नयेत म्हणून. मी काढल्या. पुसून कपाटात ठेवल्या आहेत. पण ती तोंड उघडत नाही. म्हणते, "ठिपक्या म्हणालाय, गोळी म्हणजे शरीरावरचा अविश्वास." मी म्हटलं, "अगं, शरीरावर विश्वास ठेवून तू दोनदा जिन्यावरून गडगडली आहेस." तर म्हणाली, "तुम्ही नेहमी वाईटच बोला."

काल ती गॅसपाशी उभी असताना तिला आकडी आली. पातेलं उकळत होतं. मी मागच्या गॅलरीत ब्रश धूत होतो. झाकण पडल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, मांजर असेल. आत जाईपर्यंत तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. दवाखान्यातून पट्टी बांधून आणलं. रिक्षात बसल्या बसल्या मला समजावत होती, की आतलं साचलेलं बाहेर पडतंय, आधी त्रास वाढतो, मग कमी होतो. तुझेच शब्द, तुझ्याच चालीत. तोंड तेवढं तिचं.

तुला मी फार काही मागत नाही. येत्या रविवारी फोनवर तिला एवढंच म्हण, "आई, गोळी घे." माझं या घरात कुणी ऐकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर त्यांच्यासमोर मान हलवते आणि जिना उतरताना हसते. तुझं मात्र ती ऐकते.

मी स्वतः फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस आणि तिचा फोन मी कानाला लावला, की तू "नमस्कार" म्हणून गप्प बसतोस. मी तुला भोंदू म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो असं लिहिणार होतो. मग वाटलं, तू म्हणशील म्हातारा घाबरला. घाबरलोच आहे. तू औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात रांगेत उभा राहायचास, तेव्हा मला म्हणायचास, "बाबा, आईची ही गोळी कधी चुकवू देऊ नका." मी ती कधी चुकवू दिली नाही. आता मी काय करू ते सांग.

रविवारी. विसरू नकोस.

बाबा

१९ मार्च

ठिपक्या,

मागचं पत्र मिळालं असणार. रविवारी तुम्ही बराच वेळ बोललात. मी दाराआड उभा होतो. गोळीचा विषय निघाला नाही. श्वासाचा निघाला, चंद्राचा निघाला, तिच्या मागच्या जन्माचाही निघाला. शेवटी तू म्हणालास म्हणे, "बाबांना न्यू-एज म्हणजे काय हे कधीच कळणार नाही."

ते मला लागलं. मी सातवी पास नाही हे खरं, पण हा शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलाय तितक्या वेळा तू उच्चारला नसशील. फक्त अर्थ विचारायची आमच्यात रीत नाही. गिऱ्हाईक कागदावर मजकूर देतं, आपण तो भिंतीवर चढवायचा. मात्रासुद्धा बदलायची नाही. माझ्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पेंटरला हात असतो, तोंड नसतं.

पण या खेपेला मी विचारायला निघालो. आधी सलूनवाल्याकडे गेलो. त्याच्या काचेवर न्यू-एज मीच लिहिलंय, आतल्या बाजूने, उलटं. तो म्हणाला, "काका, पूर्वी केस कापायचो. अजूनही तेच कापतो. पण आता खुर्ची फिरते." गादीवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी उधारीवर गादी मागतोय. म्हणाला, "गादी तीच आहे हो, पण गिऱ्हाईक बोर्डावर झोपतं." दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बोर्ड त्यांच्या जावयाने ठरवला, त्यांना वेळ नव्हता. एका शाळेच्या भिंतीवरही मी तो शब्द लिहिलाय. तिथल्या शिपायाने मला फाटकातूनच परत पाठवलं.

शेवटी ट्यूशनवालीला विचारलं. ती तेव्हा सुई घेत होती. तिला लहानपणापासून साखर आहे, रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागतं. बोलता बोलता, बटण लावावं तसं ती ते घेते. म्हणाली, "काका, या शब्दाला दोन घरं आहेत. शब्द लांबून आलाय. पन्नासेक वर्षांपूर्वी तिकडच्या काही माणसांना वाटायला लागलं, की जुना धर्म पुरे झाला, डॉक्टरही पुरे झाले, आता माणसं आतून जागी होतील, नवं युग येईल. मग त्यांनी थोडं ध्यान घेतलं, थोडे तारे, थोडे दगड-स्फटिक, आणि ज्याचं त्याने आपापलं गाठोडं बांधलं. त्याला न्यू-एज म्हणाले. पुढे दुकानदारांनी शब्द तेवढा उचलला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ इतकाच, की हे ताजं आहे, तुम्ही मागे राहू नका."

मी विचारलं, "माझ्या मुलाकडे यातलं कुठलं?"

"दोन्ही असतील. आत पहिलं आणि बोर्डावर दुसरं." मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून म्हणाली, "पण काका, सगळंच वाईट नसतं. कुणी शांत बसायला शिकवलं तर काय बिघडलं? मलासुद्धा कधी कधी वाटतं, कुणीतरी म्हणावं, की तुझी सुई सुटेल."

मला कळलं ते एवढंच. तुझ्या आईने शांत बसावं, दगड उशाशी ठेवावेत, चंद्राकडे बघावं. माझी काही तक्रार नाही. वर एक गोळी घ्यावी. तुझ्या गाठोड्यात एका गोळीला जागा नाही का?

तिच्या हाताची पट्टी बदलली. तू पार्सलने पाठवतोस त्या चूर्णाच्या पुड्या ती नेमाने घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक. तू बोलत नाहीस म्हणून मी दुसरी सोय केली आहे. ती काय हे लिहीत नाही.

बाबा

२ मे

ठिपक्या,

काल तुझ्या केंद्रावरून परत आलो. प्रवासात पाठ धरली आहे, पण ते असू दे.

तू आईकरवी निरोप धाडलास, की बाबांना भिंत रंगवायला पाठव, तेव्हा मी आधी म्हटलं जाणार नाही. मग रंगांचे डबे झटकायला घेतले. तुझी आई हसली. म्हणाली, "नाही म्हणता म्हणता ब्रश भिजवलेत की."

भिंत चांगली निघाली. ओल नव्हती. तुझ्या आईचा चेहरा फोटोवरून घेतला, पण कपाळ मी फोटोतलं घेतलं नाही, मला ठाऊक असलेलं घेतलं. मग तू मजकुराचा कागद दिलास. "माझी आई. सगळी औषधं सोडली. आज पूर्ण बरी." मी तो कागद हातात धरून उभा राहिलो. तुला वाटलं चष्मा लागतोय. तू मोठ्याने वाचून दाखवलंस.

ओळी आखायला मी दोरीला खडूची पूड लावली. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. इथे घरी इतकी वर्षं तुझी आई धरते. तिथे तू येऊन धरलंस. ताणलंस, मी मधे चिमटीने उचलून सोडली आणि भिंतीवर रेघ उमटली. मग अक्षरं झाली आणि तू म्हणालास, "बाबा, टिंबं मी देतो." लहानपणी स्टुलावर चढून माझ्या अक्षरांवर टिंबं द्यायचास म्हणून तर तुला ठिपक्या म्हणायला लागलो. "औषधं"वरचं टिंब तू दिलंस. जरा मोठं झालंय.

त्यामुळे मी बोललो नाही. इतक्या दिवसांनी तू माझ्या बाजूला उभा होतास, तुझ्या बोटाला रंग लागला होता. तेव्हा बोललो असतो तर तू दोरी सोडून आत गेला असतास. मी मजकूर लिहिला, बस पकडली.

आता बोलतो. भिंतीवरचं खोटं आहे. तुझ्या आईने औषध सोडलेलं नाही. ती रोज घेते, तिला माहीत नाही.

तुझ्या पुड्या येतात, प्रत्येकीच्या तोंडावर तांबड्या सूर्याची छापील चिकटपट्टी असते. पार्सल मीच घेतो. आई आंघोळीला गेली, की मी पुडी सोडवतो. कपाटातली गोळी, ज्या दगडावर मी एके काळी रंग घोटायचो त्याच्यावर बारीक घोटतो. दगड सोडा लावून घासून घेतलाय, काळजी करू नकोस. घोटली तर चालते असं कंपाउंडरने सांगितलं. पुडीला एक गोळी. मग नवा कागद डकवून त्यावर सूर्य काढतो, सगळ्यात बारीक ब्रशने. ओळीने सूर्य वाळत ठेवतो. गोळ्या संपल्या, की डॉक्टरांकडून नव्या लिहून आणतो. या सगळ्यात माझ्या जिवाला घोर लागलाय, कुठली पुडी चुकली तर नाही ना, दोनदा तर पडली नाही ना. पण गॅसपाशी आकडी आली तेव्हापासून एकही आलेली नाही. तिला वाटतं तुझी पुडी लागू पडली. तुलाही तेच वाटतं.

तिला सांगू नकोस, तिचा जीव जाईल शरमेने. पण मजकूर पुसून टाक. चित्र राहू दे हवं तर. भिंतीसमोर माणसं उभी राहून फोटो काढतात, मी स्वतः पाहिलं. त्यातला एखादा घरी जाऊन आपली बाटली कचऱ्यात टाकेल.

पांढरा रंग मी केंद्राच्या पायरीखाली ठेवून आलोय. झाकण नीट लावलंय, वाळणार नाही.

बाबा

२१ मे

ठिपक्या,

ट्यूशनवाली गेली.

कसं लिहू कळत नाही. भिंतीचा फोटो तिने फोनवर पाहिला. तुझ्या केंद्राच्या लोकांनी तो सगळीकडे पाठवलाय. संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "काका, अक्षर तुमचंच ना? लगेच ओळखलं." मी म्हटलं, हो. "मग खरंच काकूंनी सगळं सोडलं?"

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "मी दिलेला मजकूर लिहितो, पोरी." आणि पिशवी उचलून वर आलो. पेंटरला हात असतो, तोंड नसतं. वस्तादाने शिकवलेलं असं ऐन वेळी उपयोगी पडलं. तिने ते हो म्हणूनच घेतलं असणार.

मग ती तुझ्या आईकडे आली. मी आत होतो. आईने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "सोडलं ग. सगळं सोडलं. माझ्या मुलाने सोडवलं."

तिने कुणाला सांगितलं नाही. सुई बंद केली. दोन-तीन दिवसांनी शिकवणीची मुलं दार वाजवून परत जायला लागली. मी खाली गेलो तर ओकून ओकून अर्धी झालेली, श्वास असा चाललेला, की दाराबाहेर ऐकू येत होता. म्हणाली, "आधी त्रास वाढतो ना, काका?" डॉक्टरांकडे नेईपर्यंत ती शुद्धीत नव्हती. डॉक्टर माझ्यावर ओरडले, सुई कुणी बंद केली म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

या शब्दाची दोन्ही घरं तिला माहीत होती. मला तिनेच फिरवून दाखवली. तरी आत गेली. इतकी वर्षं रोज पोटाला सुई, तिथे जागा उरली नव्हती म्हणे. तिची आई सामान न्यायला आली होती. फळा नेऊ का विचारत होती मला. मी फळा पुसून तिच्या हातात दिला.

आता तुझ्या आईचं. त्या दुपारनंतर तिने पुड्यांचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, "आता यात काही घालू नका."

मी म्हटलं, "कशात काय?"

"अहो, छापील सूर्याची किरणं सरळ असतात. तुमची टोकाशी जाड होतात. सगळ्या बोर्डांवर होतात. इतकी वर्षं दोरी धरली मी तुमची, मला तुमचा हात कळत नाही?"

पहिल्याच पुडीला तिला कळलं होतं. ती गप्प राहून घेत होती. म्हणाली, "गोळी पोटात जात होती, तुम्ही निवांत होतात. नाव ठिपक्याचं होत होतं, तो दर रविवारी फोनवर हसत होता. माझं काय जात होतं? मला वाटलं, घर सांधलं जातंय तर जाऊ दे." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "माझं काही गेलं नाही, त्या पोरीचं गेलं. तिने मला विचारलं आणि मी तुमच्या पोराची अब्रू राखली." तुमच्या पोराची म्हणाली, जणू तू माझ्या एकट्याचा आहेस.

तेव्हापासून ती काहीच घेत नाही. ना पुडी, ना गोळी. म्हणते, "त्या पोरीने माझ्या शब्दावर सोडलं, मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

म्हणून पुन्हा तेच मागतो. रविवारी तिला म्हण, "आई, गोळी घे." तू म्हणालास तरच ती घेईल. आणि पायरीखालचा डबा उघड.

बाबा

९ जून

ठिपक्या,

या पत्रात मागणं काही नाही.

गुरुवारी तिला मोठी आकडी आली. एक संपते तोच दुसरी. जीभ चावली गेली, अजून बोबडं बोलते. माझ्या मांडीवर डोकं होतं आणि मी तिच्या तोंडात बोट घालू नये हे आठवत होतो, एवढंच मला सुचत होतं.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिने तो मोठ्या आवाजावर ठेवला, बोलणं जमत नव्हतं म्हणून. त्यामुळे मी सगळं ऐकलं. तिने तुला सगळं सांगितलं, तुटक तुटक, पुड्यांचं, सूर्याचं, ट्यूशनवालीचं. तू मधे एकदाही बोलला नाहीस. मला वाटलं, रडतोयस. मी मनात म्हणत होतो, आता म्हणेल, आता म्हणेल.

तू शांतपणे म्हणालास, "आई, म्हणजे बाबांची भीती पुडीत उतरली होती. मी शुद्ध पुड्या पाठवतो." आणि त्या मुलीबद्दल म्हणालास, "तिच्या आत्म्याने निवडलेला तो प्रवास होता. तू स्वतःला दोष देऊ नकोस. भिंतीमुळे कितीतरी जण जोडले जात आहेत."

तुझी आई फोनकडे बघत राहिली. विस्तवाकडे बघावं तसं. मग तिने बटण दाबून तो बंद केला. तू बोलत असताना तिने फोन बंद केल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, गोळी द्या."

मी पुड्यांच्या डब्याकडे हात नेला, सवयीने.

"पुडीत नको. हातावर द्या."

मी तळहातावर दिली. भाजलेल्या हाताची कातडी अजून तकतकीत आहे, त्यावर पांढरी गोळी ठेवली. तिने पाण्याबरोबर घेतली, घोट जाताना जीभ दुखली, डोळ्यांतून पाणी आलं. तशीच खाली गेली, ट्यूशनवालीच्या आईकडे. ती उरलेलं सामान बांधायला आली होती. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी जिन्यात बसून होतो. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वर आली तेव्हा तिच्या गालावर पाच बोटं उठली होती. ती म्हणाली, "आता जरा बरं वाटतंय."

मग म्हणाली, "दोरी कुठे आहे?"

आम्ही बुधवारी पोहोचतो आहोत. डॉक्टरांना विचारलंय, ते नको म्हणाले. प्रवासाच्या गोळ्या वेगळ्या बांधून घेतल्या आहेत. दिलेला मजकूर मी कधी बदलला नव्हता, हा पहिलाच. तू दिलेल्या ओळी पांढऱ्या करायच्या आणि चित्राखाली लिहायचं, "हिच्या गोळ्या चालू आहेत." त्याखाली ट्यूशनवालीचं नाव, आणि ती कशाने गेली ते. तिच्या आईने नाव घालायला हो म्हटलंय. मोठ्या अक्षरात घाला म्हणाली.

रेघ सरळ यावी म्हणून तुझी आई दोरी धरायला येते आहे. उजव्या हाताची पकड गेली आहे, डाव्या हाताने धरेल. टिंबं मीच देईन.

तू बाहेर यायची गरज नाही. भिंत रस्त्याकडची आहे.

बाबा